वेळ इथलीच ठेवा

अहो,

रेवाचं घड्याळ ठरलं. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिल्यांदा हेच विचारलं असतं. बाकीचं क्रमाने सांगते. क्रम सोडून बोललेलं मला चालत नाही आणि क्रमाने ऐकायचा तुम्हाला कंटाळा. पण आता मध्येच उठून बागेत जायची सोय तुम्हाला राहिलेली नाही.

तुम्ही गेलात त्याला आज बावीस दिवस झाले. कॅनडाला परत जाण्यापूर्वी मिलिंद म्हणाला, "आई, बाबांबद्दल काही लिहून ठेव. रेवा आणि अर्णव वाचतील." तुमचा जन्म, शिक्षण, विमान शिकवण्याची नोकरी, किती विद्यार्थी तयार केले, हे सगळं त्याने वर्तमानपत्रातल्या निवेदनात दिलं आहे. ते पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. मी फक्त घड्याळाबद्दल लिहिते. नातवंडं मराठी वाचतात, पण ओळीवर बोट ठेवून, म्हणून वाक्यं लहान ठेवते आहे. तुम्ही म्हणायचा तशी "टीचरची वाक्यं".

पहिले चार दिवस घरी येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट सुचवत होता. त्यांचंच घड्याळ नातीला पाठवा. होसकोट्याहून तुमचे धाकटे भाऊ आले, ते तर टेबलावरचं तुमचं मनगटी घड्याळ रुमालात गुंडाळायला लागले. "वैनी, अण्णाचं घड्याळ म्हणजे अण्णाचा आशीर्वाद." मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि कपाटात ठेवलं. त्यांना राग आला. पण याबाबतीत तुमची सूचना स्पष्ट होती. गेल्या दिवाळीला मी हेच सुचवलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. तिला आशीर्वाद द्यायचा तर वेळेवर चालणारा देऊ."

म्हणून विमान शिकायला लागलेल्या रेवासाठी नवीन घ्यायचं ठरलं, आणि तिथून पुढचे चार महिने आपण भांडलो.

खरं तर बऱ्याच गोष्टींवर आपलं एकमत होतं, हे मुलांना कळावं. मिलिंदचा आग्रह होता मनगटावर बांधायच्या फोनचा. तुम्ही त्याला फोनवर विचारलंत, "चार्जिंग संपलं की त्याचं काय करायचं?" तो म्हणाला, "बाबा, रात्री चार्जला लावायचं." तुम्ही म्हणालात, "आणि विसरली तर ती बांगडी घालून विमान चालवायचं." तो मुद्दा मलाही पटला. सेलवर चालणारं, काट्यांचं साधं घड्याळ, हे ठरलं. काटे जाड आणि अंधारात दिसणारे हवेत, हे ठरलं. तबकडी रेवाच्या मनगटाला शोभेल एवढीच, कारण तिचं मनगट माझ्यासारखं बारीक आहे. भांडी घासताना काढून ठेवावं लागू नये, कारण काढून ठेवलेली वस्तू ती हरवते. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबला पाहिजे, म्हणजे वेळ सेकंदाला सेकंद जुळवता येते.

पट्ट्याबद्दल तुम्ही मला अर्धा तास शिकवलंत. दोन तुकड्यांचा चामड्याचा पट्टा नको. एकसंध कापडी पट्टा हवा, घड्याळाच्या पोटाखालून जाणारा. एका बाजूची पिन तुटली तरी घड्याळ पट्ट्यातच लटकून राहतं. "विमानात खाली पडलेली वस्तू नेमकी पायाखालच्या पेडलमध्ये जाऊन बसते," तुम्ही म्हणालात. "घरात चष्मा पडतो तसं नाही ते, टीचर." मी मान्य केलं.

भांडण एकाच गोष्टीवर होतं. मला आकडे हवे होते, एक ते बारा, स्वच्छ, आणि तारखेची छोटी खिडकी. मुलगी वीस वर्षांची आहे, तिला परीक्षा आहेत, बँक आहे, दंतवैद्य आहे. ती आठवड्यातून तीन वेळा विमान चालवते आणि सातही दिवस जगते. तुम्हाला कोरी तबकडी हवी होती. आकडे नकोत, तारीख नको, बाराच्या जागी बारा असल्याची खूणसुद्धा नको. नुसत्या बारा सारख्या रेघा.

कारण मला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात इथे बंगळूरच्या लालबागेत बाकावर बसून तुम्ही ते मला दाखवलं होतं. विमानं जगभर एकाच वेळेवर चालतात, ग्रीनिचच्या. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. आपलं घड्याळ मनगटावर उलटं फिरवलं, बाराच्या जागी सहा आणले, की दिसते ती ग्रीनिचची वेळ. तासकाटा अर्धा तास मागे रेंगाळलेला दिसतो, तेवढा मनाने पुढे घ्यायचा. तुम्ही उड्डाणाला निघालात की पट्टा सोडून घड्याळ उलटं बांधायचा आणि उतरलात की सुलटं. तुम्ही घरी आलात आणि घड्याळ अजून उलटंच असलं, तर दिवस वाईट गेला असं मी समजायची आणि जेवण होईपर्यंत काही विचारायची नाही.

मुलांना एक गोष्ट मी कधी सांगितलेली नाही, तुम्हालाही नाही. ही युक्ती मी तीस वर्षं सातवीच्या भूगोलाच्या तासाला शिकवली. रेखावृत्तांचा धडा आला की चाळीस मुलं एकाच वेळी मनगटं उलटी करायची आणि भिंतीवरच्या नकाशात लंडन शोधायची. दरवर्षी तो माझा सगळ्यात चांगला तास असायचा. श्रेय तुम्हाला एकदाही दिलं नाही.

चौथ्या ब्लॉकातल्या त्या दुकानात आपण गेलो तो दिवस आठवा. दुकानदार तुमच्या ओळखीचा. तुम्ही दोघं कन्नडमध्ये बोलत होता, मी इथे मराठीत लिहिते. विमानासाठी म्हटल्यावर त्याने आतून एक मखमली ट्रे आणला. प्रत्येक घड्याळात आणखी तीन छोटी घड्याळं, कडेने बारीक आकड्यांच्या दोन रांगा.

"हे खास पायलटांचं, सार."

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, पुन्हा डोळ्यांवर घेतलात. "पायलट मी होतो. यात वेळ कुठंय?"

मग तुम्ही साधी घड्याळं मागितलीत आणि एकेक उचलून काउंटरवर उलटं ठेवायला लागलात. दुकानदार घाबरून ती सुलटी करायचा, तुम्ही पुन्हा उलटी. शेवटी तो माझ्याकडे वळला. "अम्मा, साहेबांना काय पाहिजे?"

"त्यांना वेळ सोडून सगळं पाहिजे," मी म्हटलं. "तुम्ही मला ते आकड्यांचं दाखवा."

"टीचरला वेळ वाचून दाखवणारं घड्याळ पाहिजे," तुम्ही म्हणालात.

आपण काहीच न घेता बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर कॉफी प्यायलो. तिथेही तुम्ही साखरेच्या पुडीवर तबकडी काढून दाखवत होता. मी पाहत नव्हते. कारण दुकानात असतानाच माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती आणि मी ती राखून ठेवली होती.

ती गोष्ट मी शेवटच्या रविवारी बाहेर काढली.

नाश्ता झाला होता. तुम्ही पुन्हा कोऱ्या तबकडीवर आलात. मी कपाटावरचं गजराचं घड्याळ आणलं, त्यात नऊ वाजवले आणि तुमच्या ताटलीशेजारी ठेवलं. "रेवा टोरांटोजवळ शिकते. तिथे सकाळचे नऊ वाजले. ग्रीनिचला किती?"

"दुपारचा एक," तुम्ही म्हणालात.

मी घड्याळ उलटं केलं. "हे काय दाखवतंय?"

साडेतीन दाखवत होतं.

"तुमची युक्ती फक्त इथे चालते," मी म्हटलं. "आपण साडेपाच तास पुढे आहोत म्हणून. तिच्याकडे या घड्याळाला उलटं करा, आडवं करा, काहीही करा. सगळं जग तुमच्याच वेळेवर चालतं असं तुम्हाला नेहमीच वाटत आलं आहे."

तुम्ही म्हणालात, "स्वल्प थांब. विचार करतो."

"विचार करण्यासारखं काही नाही. आकड्यांचं घ्यायचं. विषय संपला."

विषय संपला म्हणजे काय हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. शाळेत मी असं म्हटलं की वर्ग गप्प व्हायचा. घरात म्हटलं की मिलिंद आणि तुम्ही. पन्नास वर्षांत त्याला अपवाद एकच, स्वयंपाकघरातलं घड्याळ. ते मी मिलिंदच्या शाळेच्या व्हॅनमुळे पाच मिनिटं पुढे ठेवलं आणि मिलिंदला टक्कल पडलं तरी मागे घेतलं नाही. तुम्ही रोज सकाळी त्याच्याकडे बघून म्हणायचा, "काय म्हणतंय आपलं खोटारडं?" आणि मी रोज विषय संपला म्हणायची. बाकी प्रत्येक वेळी तुम्ही तो शब्द पाळलात. त्या रविवारीही पाळलात. गजराचं घड्याळ उचलून जागेवर ठेवलंत आणि झाडांना पाणी घालायला गेलात.

मी जिंकले होते. पण एक गोष्ट आता लिहिते, कारण लिहिलेलं मुलांनी वाचायलाच हवं. माझं खरं भांडण आकड्यांशी नव्हतं. रेवाने विमान शिकू नये असं मला वाटत होतं. हे मी तिला म्हटलं नाही, मिलिंदला नाही, तुम्हालाही सरळ म्हटलं नाही. तुमची वाट बघत मी व्हरांड्यात किती संध्याकाळी उभी राहिले ते मला माहीत होतं, आणि ते काम पुन्हा करायची माझी तयारी नव्हती. घड्याळ ठरत नाही तोवर ती एकटी लांब जाणार नाही, असं काहीतरी मी मनात धरलं होतं. भूगोलाच्या शिक्षिकेला न शोभणारं. म्हणून चार महिने लागले.

मंगळवारी तुम्ही औषधं आणायला म्हणून गेलात आणि दोन तासांनी आलात. मी दारातच विचारलं, "कुठे होता?" तुम्ही म्हणालात, "स्वल्प काम होतं." कसलं ते मी विचारलं नाही. जेवणं खोळंबली होती. गुरुवारी सकाळी कॉफीचा कप खाली ठेवून तुम्ही म्हणालात, जरा पडतो. तेवढंच.

त्यानंतर मला एकाच गोष्टीचा त्रास होत होता. तुमच्याशी शेवटचं जे मोठं बोलणं झालं त्यात मी तुम्हाला हरवलं होतं, आणि तुमचे शेवटचे चार दिवस तुम्ही हरलेले म्हणून काढलेत. तसं मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, घड्याळावरून कोणी इतकं मनाला लावून घेतं का?" त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

तेरावा झाला. मिलिंद परत जायला दोन दिवस राहिले, तेव्हा मी त्याला घेऊन दुकानात गेले. ठरल्याप्रमाणे आकड्यांचं घ्यायचं, तारखेच्या खिडकीचं. दुकानदाराने माझं कपाळ पाहिलं आणि उभा राहिला. मग ड्रॉवर उघडून एक डबी काढली.

"साहेबांनी बाजूला ठेवायला सांगितलं होतं, अम्मा. मंगळवारी आले होते."

कोरी तबकडी. बारा रेघा, जाड काटे, राखाडी कापडी पट्टा.

"आम्ही हे नाही घेणार," मी म्हटलं. "आमचं ठरलंय."

"सरी, ठीक आहे, अम्मा. साहेबसुद्धा तेच म्हणाले. अम्मा येतील, त्या हो म्हणाल्या तरच द्यायचं. नाही म्हणाल्या तर परत ट्रेमध्ये." तो काच पुसत होता. "पण एक सांगू? साहेबांची तब्येत तेव्हाच बरी नसावी. थोडा घोटाळा होत होता त्यांचा. मी म्हटलं, घड्याळ कॅनडाला जाणार तर तिकडची वेळ लावून देतो. तर म्हणाले, नको. वेळ इथलीच ठेवा. मी म्हटलं, सार, नातीला काय उपयोग? तर हसायला लागले."

मिलिंदने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यालाही वाटलं, बाबांचा घोटाळा झाला.

मी घड्याळ हातात घेतलं. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी ते उलटं केलं. पाच चाळीस. ग्रीनिचचे पाच चाळीस. पुन्हा सुलटं केलं. मला साधारण दोन मिनिटं लागली, अहो. तीस वर्षं शिकवलेला धडा, आणि दोन मिनिटं लागली.

टोरांटोची वेळ या घड्याळात लावायचीच नाही. ती भिंतीवर आहे, फोनवर आहे, तिकडच्या विजेच्या चुलीवरसुद्धा आहे. मनगटावर बंगळूरची वेळ ठेवायची. उलटं केलं की ग्रीनिच, उड्डाणाची वेळ. तिकडे वर्षातून दोनदा सगळा देश घड्याळं मागेपुढे करतो. ग्रीनिच हलत नाही, आपणही हलत नाही. म्हणजे हे घड्याळ एकदा लावलं की सेल संपेपर्यंत हात लावायचा नाही. आणि सुलटं असताना ते तिला आपली वेळ सांगणार.

तुम्ही हरलाच नव्हता. रविवारी झाडांना पाणी घालताना तुम्ही हिशोब करत होता. मंगळवारी दुपारपासून उत्तर तुमच्याकडे तयार होतं. मंगळवारची संध्याकाळ, सबंध बुधवार. तुम्ही सांगितलं नाहीत, कारण मी विषय संपला म्हटलं होतं. मी दारात आणखी एक प्रश्न विचारला असता, तर तुम्ही जेवणाच्या ताटावर तबकडी काढून दाखवली असती आणि महिनाभर मला ऐकवलं असतं. ते ऐकायला मला आवडलं असतं. हे मी तुम्हाला पन्नास वर्षांत कधी म्हटलं नाही म्हणून लिहून ठेवते.

मी दुकानदाराला म्हटलं, "साहेबांचा घोटाळा झाला नव्हता. हे द्या."

"वेळ?"

"इथलीच ठेवा."

फोनवर बघून मी त्याच्याकडून सेकंदकाटा जुळवून घेतला. चावी ओढली की थांबतो, तपासून पाहिलं.

मिलिंद घड्याळ घेऊन गेला. त्याला रस्त्यात सगळं समजावलं होतं आणि रेवाला काही सांगायचं नाही अशी ताकीद दिली होती. परवा सकाळी तिचा फोन आला.

"आजी, घड्याळ खूप छान आहे. पण ते चुकलंय गं. इथे रात्रीचे पावणेनऊ व्हायला आलेत आणि हे सहा दहा दाखवतंय. मी नीट करू?"

"हात लावू नकोस. उलटं कर."

लहान असताना सुट्टीत तुम्ही तिला शिकवलेलं ती विसरली असावी. तिने ते फिरवून पाहिलं असावं. मग म्हणाली, "बारा चाळीस." आणि मग जोरात, "आजी! ही तर फ्लाइंगची वेळ आहे!"

"आजोबांनी शोधलं," मी म्हटलं. या वेळी श्रेय दिलं.

रडत असावी, मी वाट पाहिली. मग म्हणाली, "शनिवारी माझं पहिलं लांबचं सोलो आहे. एकटीनेच दोन ठिकाणी उतरून परत यायचं. बाबा म्हणाले, एवढ्यात नको वाटत असेल तर पुढे ढकल. तू सांग. जाऊ?"

हे तिने मला याआधी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही होता ना विचारायला.

"जा," मी म्हटलं. "पट्टा नीट बांध. आणि उतरलीस की घड्याळ सुलटं करून मला फोन कर."

"सुलटं कशाला?"

"म्हणजे मी काय करतेय ते तुला कळेल."

ती हसली. "मग आत्ता कळतंय की. सहा अकरा. तू कॉफी टाकत असशील."

"कॉफी कधीच झाली," मी म्हटलं. "माझ्याकडे सव्वासहा होऊन गेले."

रेवाचं घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर आहे, तुमचं कपाटात आहे, आणि आपलं स्वयंपाकघरातलं अजून पाच मिनिटं पुढेच आहे. पण तो विषय मी आता उघडा ठेवला आहे. तुम्हाला काय म्हणायचं असेल ते म्हणा.